मीठमोहऱ्या आणि काळा स्पंज

"मीना, दूर हो तिथून! आधी दूर हो!"

राजन एवढ्या मोठ्यानं ओरडला, की गच्चीवर पतंग उडवणारा दिलीप चरखी टाकून धडाधड जिना उतरत खाली आला.

"मी हात लावलेलाच नाही!" दिलीपची ताई मीनाक्षी सांगत होती. तिचे दोन्ही हात खरोखरच कोटाच्या खिशात होते. पण ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांची नजर टीव्हीच्या पडद्यावर खिळली होती. तिथं अक्षरं उमटायला हवी होती आणि उमटल्या होत्या नुसत्या वेड्यावाकड्या चौकटी!

राजनचे वडील प्रल्हादकाका विद्यापीठात गणित शिकवत. नाताळच्या सुट्टीत राजनच्या मदतीनं घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचा, असा त्यांनी चंग बांधला होता. त्यांचे धाकटे भाऊ दिल्लीहून एकेक भाग पाठवत. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मेमरीच्या चिप्स गेल्या," ते खिन्नपणे म्हणाले. "पहिला संच गेला, आता दुसराही गेला."

"जातील नाही तर काय!" राजन उसळला. "अण्णा, मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ही खोलीत एकटीच होती. मागच्या वेळीही हीच आली होती!"

तेवढ्यात राजनची आई, शकुंतलाकाकू, मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आल्या. "कुणाला बोलून काय उपयोग? दृष्ट लागलीय, दृष्ट!" असं म्हणत त्यांनी मूठ सगळ्या यंत्रावरून ओवाळली.

"अगं, मीठ आत सांडेल!" काका दचकले.

काकूंनी मीनाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"काही दिवस मुलांनी या खोलीत न आलेलंच बरं," काका म्हणाले.

"मुलांनी नाही, अण्णा," राजन म्हणाला. "मीनानं!"

खरं सांगायचं, तर मीनाच्या पोटात दुखत होतंच. तिचे बाबा, मेजर आनंदराव, सैन्याच्या सिग्नल विभागात होते. छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत त्यांचं बिऱ्हाड जयपूरच्या तिलक नगरात, राजनच्या शेजारीच होतं. बाबांच्या अडगळीतले सुटे भाग घेऊन मीनानं स्वतः डाख देऊन एक रेडिओ तयार केला होता. मराठी मंडळाच्या गणपतीत तो वाजला, तेव्हा जो तो म्हणत होता, "हीच ती रेडिओवाली मीना!" आता तीच माणसं राजनच्या दारात चपला काढत होती. तिच्या रेडिओवर धूळ साचली होती आणि त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. दिल्लीचं पहिलं पार्सल आलं, त्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर मूठ आपटून ती म्हणाली होती, "जळू दे मेला तो कॉम्प्युटर!"

आणि तो खरंच जळाला होता!

"ताई," दिलीपनं घरी आल्यावर हळूच विचारलं, "मतलब... तू खरंच काही केलं नाहीस ना?"

"तूसुद्धा, दिलीप?"

"मी बस विचारलं!"

मीनानं डोळे पुसले. माझ्या मनात आलं म्हणून चिप्स जळत असत्या, तर माझी गणिताची चाचणी कधीच रद्द झाली असती, असं तिनं स्वतःला बजावलं. दृष्टीनं तार वितळत नाही. कारण काहीतरी वेगळंच असणार.

"हे बघ, तुला तिथं कुणी अडवणार नाही. काका काय काय करतात ते नीट बघून ये."

"मतलब जासूस!" दिलीपची कळी खुलली आणि तो पसार झाला.

परत आला तो थंडीनं नाक पुसतच. "ताई, काका तर एवढे जपतात! शॉक बसू नये म्हणून पायांत रबरी चपला, खाली नायलॉनचा नवा गालिचा. चिपवर धूळ दिसली, की स्वेटरच्या बाहीनं पुसतात. आणि चिप्स ठेवतात कशात माहितेय? आपल्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल उरला होता ना, त्यात टोचून! दिल्लीहून त्या एका काळ्या स्पंजात येतात. काकू म्हणतात, 'शी! कोळशासारखा दिसतो,' आणि केरात टाकतात. मी उचलून आणला. हा बघ!"

दिलीपनं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. चट्! चट्! चट्! बारीक ठिणग्या वाजल्या आणि त्याचे केस साळिंदरासारखे उभे राहिले. खिशातून स्पंजाबरोबर थर्माकोलचे दाणेही निघाले. ते त्याच्या बोटांना असे चिकटले, की झटकून पडेनात.

"अरे यार, हे सुटतच नाहीत!"

मीना त्या दाण्यांकडे बघतच राहिली. जयपूरची डिसेंबरची हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात आणि दाराची कडीही बोटाला चावा घेते. तो चावा म्हणजे तर वीज! घासल्यानं अंगावर साठलेली!

तिनं बाबांचा जुना मीटर काढला. त्याची टोकं थर्माकोलला लावली. काटा ढिम्म हलला नाही. मग काळ्या स्पंजाला लावली. काटा सरकला!

"दिलीप, या स्पंजातून वीज वाहू शकते! चिपचे सगळे पाय त्यात जणू एकमेकांना बांधलेले राहतात, म्हणून एकाच पायावर वीज चढत नाही. थर्माकोलवर मात्र ती साठून बसते. काकांच्या अंगावरही साठते आणि रबरी चपलांमुळे जमिनीत उतरत नाही. आपल्याला नुसता चिमटा बसतो. पण चिपच्या आतलं नाजूक काम त्यानं जळणारच!"

"मतलब काका जेवढे जपतात, तेवढं बिघडतं? चल, सांगू या!"

मीना मात्र जागची हलली नाही.

"तिसरं पार्सल आलंय ना?"

"हो. शेवटचं. उद्या सकाळीच बसवणार. काकांचे भाऊ म्हणाले, या चिप्स आता मिळत नाहीत."

उद्या सकाळी तर मीनाच्या घरचे सगळे आमेरला सहलीला निघणार होते! ती आमेरला असताना चिप्स जळाल्या, तर तिच्याकडे कोण बोट दाखवणार? राजनला सगळ्यांसमोर माफी मागावी लागेल. आणि राजनकडे कॉम्प्युटर नसेल. गप्प बसलं, की झालं. हा विचार तिळगुळासारखा गोड होता आणि म्हणूनच तिला स्वतःची थोडी भीती वाटली.

"बघू," ती म्हणाली.

सकाळी आई-बाबांबरोबर दोघं गाडीत बसली. दिलीप काळा स्पंज मुठीत धरून बसला होता. मोती डुंगरीच्या वळणावर एका घराच्या गच्चीवर मीनाला एरियलची तार दिसली. तिच्या रेडिओची एरियल बांधायला कोण चढलं होतं खांबावर? राजन! गुडघा फुटला, तरी "आता लागलं का स्टेशन?" असं वरूनच विचारत राहिला होता.

"बाबा, गाडी थांबवा!"

गाडी पुरती थांबते न थांबते तोच मीना उतरून पळत सुटली. मागोमाग दिलीप! तिनं दार ढकललं, तेव्हा काकांनी पार्सल उघडलं होतं. चिप्स अजून काळ्या स्पंजातच होत्या. शेजारी थर्माकोलचा तुकडा वाट पाहत होता.

"काका, हात लावू नका! चिप्स आहेत तिथंच राहू द्या!"

"तू परत आलीस?" राजन आडवा आला. "बघवत नाही ना तुला!"

"नाही बघवत!" मीना धापा टाकत म्हणाली. "तरी आलेय. आता ऐक!"

मग तिनं पडदे ओढून अंधार केला, आपल्या चपला काढल्या आणि गालिचा सोडून गार फरशीवर उभी राहिली. "काका, गालिच्यावर नेहमीसारख्या येरझारा घाला. आता बोट पुढे करा."

तिनं काकांच्या टेबलावरचा टेस्टर उचलला, त्याच्या मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि त्याचं टोक काकांच्या बोटाला टेकवलं. टेस्टरमधला इवलासा दिवा नारिंगी लुकलुकला!

"अगं बाई!" काकू उद्गारल्या. "यांच्या अंगात वीज?"

"हीच ती दृष्ट, काकू," मीना म्हणाली आणि तिनं स्पंजाची, थर्माकोलची, चपलांची सगळी हकीकत सांगितली.

प्रल्हादकाका मटकन खुर्चीत बसले. "आणि मी मुलांना खोलीबाहेर काढलं! काढायला हवं होतं माझ्या स्वेटरला!"

एव्हाना आनंदरावही येऊन दारात उभे होते. मग भराभर सूत्रं हलली. गालिचा गुंडाळला गेला. काकांनी सुती सदरा घातला आणि चपला काढल्या. मीनानं त्यांच्या मनगटाला उघडी तार गुंडाळली आणि दुसरं टोक नळाच्या लोखंडी पाइपला बांधायला निघाली.

"थांब!" आनंदराव म्हणाले. "नुसती तार नको. चुकून घरातल्या विजेला हात लागला, तर जिवावर बेतेल. मध्ये वीज अडवणारा मोठा रेझिस्टर हवा. साठलेली वीज हळूहळू उतरते आणि माणूसही सुरक्षित राहतो. आणि काम करताना यंत्राचा प्लग काढलेलाच असला पाहिजे."

रेझिस्टर मीनाकडे होताच. तिच्या रेडिओतला! ती शेजारी घरी धावली, क्षणभर तिनं त्या रेडिओकडे पाहिलं आणि मग रेझिस्टर सोडवून आणून दिला.

एकेक चिप काळ्या स्पंजातून निघाली आणि थेट आपल्या जागी बसली. मनगटावरची तार सोडून काकांनी प्लग लावला, बटण दाबलं. पडदा काळा झाला, थरथरला आणि कोपऱ्यात कर्सरची एक छोटीशी पांढरी चौकट शहाण्या मुलासारखी उघडझाप करू लागली!

"चालला! चालला!" दिलीपनं उडी मारली.

"मीना," काका उठून म्हणाले, "मी आयुष्यभर पुराव्याशिवाय काही मानू नका असं शिकवलं आणि तुझ्यावर पुराव्याशिवाय संशय येऊ दिला. आज तू मला शिकवलंस."

आनंदरावांनी नुसती तिची पाठ थोपटली. पण ती थाप बराच वेळ तिथंच राहिल्यासारखी वाटली.

राजन मान खाली घालून जवळ आला. "पहिलं अक्षर तू दाब."

"मी तर म्हटलं होतं, जळू दे तुझा कॉम्प्युटर," मीना पुटपुटली.

"तुझा रेडिओ लागला, तेव्हा मीही तेच म्हटलं होतं."

"पण तो तर छान चालत होता!"

"म्हणूनच जास्त राग आला होता!"

मीनाला हसू आवरेना. पोटातली ती कळ अजून थोडी होतीच. पण आता तिला सोबत मिळाली होती.

तेवढ्यात काकू पुन्हा मुठी भरून आल्या. "ये गं बाई, तुझीच दृष्ट काढते. पोरीवर उगाच आळ आला. कुणाची एवढी लागली असेल माझ्या मीनाला?"

राजननं पडद्यावरची नजर काढली नाही.

"माझी," तो म्हणाला.