एक रिंग आनि कट

"ओ अक्का, ह्या फोनवर फुकट बोलायचं घालून देता काय?"

अक्का! माझं डोस्कं तिथंच फिरलं. पीयूसी, म्हनजे अकरावी-बारावी, अर्ध्यात सोडल्यापास्नं मी रामनगरात मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसते. एकोनीस वर्सांच्या पोरीला अक्का म्हननारा ह्यो कोन, म्हनून मान वर केली. दारात एक उंच पोरगा. केसातनं पावसाचं पानी गळतंय, हातात नवाकोरा फोन, अंडं धरल्यागत धरलेला.

"अक्का तुझ्या घरात आसंल," मी म्हनले. "मी केशर."

"मी लखू," म्हनला, आनि हसला. येवडं हसन्यागत काय होतं की!

जोयड्याच्या पल्याड रानात त्याचं गाव. तिथनं रामनगरपातूर जीप मारतो. गावात टॉवर न्हाई, पन शेजारच्या होमस्टेवाल्यानं नेटची डिश बसवलीया, त्याचं वायफाय ह्यांच्या खिडकीपातूर येतंय.

"बॅलन्स बी लागत न्हाई?"

"न्हाई."

"मग कंपनीला काय मिळतंय?"

"ते कंपनी बघंल. तू नेट चालू कर, ॲप उघड, नावावर बोट ठेव. झालं."

"कुनाच्या नावावर?"

मी बघितलं. फोनात एकबी नाव न्हवतं. तपासायला माझाच नंबर घातला. त्यानं बोट ठेवलं, माझा फोन वाजला. काउंटरच्या अल्याड मी, पल्याड तो, दोघांच्या कानाला फोन.

"हॅलो," तो म्हनला. एकदा तोंडातनं आला, आनि मग जरा थांबून माझ्या कानात.

"दोनदा ऐकू येतंय," मी म्हनले.

"मग एक ठेवून घे… एक परत दे."

मी फोन खाली ठेवला. कान तापलाता. फोनमुळंच आसंल.

त्याच सांजेला फोन वाजला. लखू! एक रिंग झाली, आनि कट.

आता आमच्या रामनगरात मिस कॉल म्हनजे काय? माझ्याकडं बॅलन्स न्हाई, तू कर. पन ह्यो तर फुकट! मीच तर घालून दिलाता! तरी केला उलटा फोन. वाजला, वाजला… कोनी उचलला न्हाई.

दुसऱ्या सांजेला परत. एक रिंग, कट. मी केला, तर उचलत न्हाई. मग रोजचंच झालं. सांज झाली की माझं लक्ष फोनाकडं, आनि फोन असा चावट, की एकदाच वाजून गप्प.

दिवसा मातर तो दुकानात हजर. एकदा कव्हर पायजे, एकदा काच. काच बसवताना मी आपलं सहज म्हनले, "काल कुनीतरी फोन केलता…"

"व्हय. मीच."

"काय काम होतं?"

"काम? काम कायबी न्हवतं."

"मग?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, की मी काच वाकडी बसवली. तेवड्यात जीपमधल्या लोकांनी हॉर्न बडवला आनि तो पळाला.

काम न्हवतं! मग चेष्टा करतोय का? का चुकून बोट लागतंय? रोज चुकून लागतंय व्हय? मला एक धड कळंना. आनि नेमकं तवाच मामेबहीन कविताचं बेळगावास्नं सुरू झालं: शोरूमात जागा हाय, रविवारपातूर व्हय का न्हाई सांग, सोमवारी हजर व्हायचं. बेळगाव! कवापास्नं मला जायाचं होतं. ह्या दुकानात बसून बसून मी गंजले होते. तरी तोंडातनं "व्हय" निघंना. का निघंना? कुनासाठी? एका रिंगसाठी? माझाच मला राग आला.

शनवारी सांजेला रिंग आली, कट झाली, आनि मी फोन तांदळाच्या डब्यात टाकून झाकन लावलं.

रविवारी सरळ जीपस्टँडवर गेले. जीप भरली होती. लखू बॉनेट पुसत होता.

"ए लखू! फोन फुकट हाय ते म्हाईत हाय न्हवं तुला?"

"हाय की."

"मग कापतोस कशाला? मी केला तर उचलत न्हाईस! पोरीची मजा बघतोस व्हय?"

जीपमधली सगळी बाहेर वाकली. लखू लाल. पुढच्या सीटवर फुलामावशी बसलेली, त्याच्याच गावची, मांडीवर चिबडांची पाटी. तीच बोलली.

"अगो, तो पोचल्याचा फोन. वाटंत रान, गवे आडवे येतात. मानूस धड पोचलं की एक रिंग द्यायची. माझा लेक गोव्यास्नं देतो तसाच मला. उचलायचा नसतो तो."

"आनि मी केलेला?"

"फोन खिडकीत असतो," लखू कसाबसा म्हनला. "तिथंच नेट येतंय. मी गोठ्यात."

"पन तू पोचलास ते मला कशाला? तू तर आईजवळच राहतोस!"

"ज्याला घोर लागतो, त्याला देतात."

"आनि मला घोर लागतो म्हनून कुनी सांगितलं तुला?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. हळूच म्हनला, "जीप सुटली की तू दारात येतीस. मी वळनाला जाईस्तवर उभी असतीस. आरशात दिसतीस रोज."

"मी केर काढायला येते!"

"येवडा केर हाय व्हय तुझ्या मामाच्या दुकानात?" फुलामावशी म्हनली, आनि जीपभर लोक हसले.

मला वाटायचं, नजर फकस्त माझीच तिखट. मी वरडले, "आज कापून बघ तू! मी उचलीस्तवर वाजला पायजे!"

सांजेला वाजला. एक रिंग… हात पुढं जाईना. दुसरी. तिसरी. उचलला.

"हायस न्हवं?" मी म्हनले.

"हाय."

त्याच्याकडं गुराच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मागनं बाईमानूस वरडलं, "कोन रे?"

"केशर, आई."

नुसतं केशर. कुठली, कुनाची, तिनं कायबी इचारलं न्हाई! "नवं भात घरात आलं की जेवायला ये म्हन तिला," तिकडनं आवाज आला. "नव्या भाताचं पयलं जेवान घरच्यासंगच असतंय म्हनाव."

"ऐकलंस?" लखू म्हनला. "येतीस?"

"मी बेळगावला चालले," मी एका दमात बोलून टाकलं. "उद्याच. नोकरी हाय, आज व्हय कळवलं."

नेट गेलं का मानूस गेला?

"लखू?"

"हाय… जा की."

"जा? येवडंच?"

"मला राग आलाय. तरी जा. तू तिथं बसून माशा मारतीस, मला बघवत न्हाई. नव्याच्या जेवनाला मी येतो जीप घेऊन, बेळगावच्या स्टँडावर."

माझ्या डोळ्यात पानी, आनि तोंडावर हसू. दोन्ही एकदम कसं येतंय, ते मला आजून कळलं न्हाई.

"आनि जेवल्यावर?" मी म्हनले. "परत सोडायला येनार, का… न्हाई?"

तो हसला. आनि वरडला, "आई! केशर इचारती, जेवल्यावर परत सोडायची का घरातच ठेवून घ्यायची?"

"लखू! गप! काप फोन! आधी काप!"

त्यानं कापला न्हाई.