कोरडे हात

थोरल्याने होम थिएटरचा कॉम्प्युटर करून मागितला, तेव्हा धाकटीने आधी भरपूर हसून घेतलं. अर्थात मनातल्या मनात. थोरला म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. टीव्ही मात्र त्याने भिंतभर घेतला होता, कारण शेजाऱ्याचा भिंतभर होता. आता त्या टीव्हीखाली ठेवायला एक छोटा डबा हवा होता, म्हणजे सगळे सिनेमे एका जागी राहतील आणि रिमोटवर लागतील.

"प्रोसेसर कुठला घ्यायचा ते तूच ठरव, धाकटे," तो फोनवर म्हणाला. "पण उगाच भारीतला नको. स्वस्तातला, आणि सिनेमा अडखळता कामा नये."

"सिनेमा बघायला भारीतला लागतच नाही, भावजी," धाकटी म्हणाली. "चार कोअरचा पुरे. पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्या आतच असली की वेगळं कार्ड नको. आणि कमी तापणारा हवा. तापला की पंखा जोरात फिरतो, मग हळू आवाजातले संवाद ऐकू येत नाहीत."

"मग आहे का असा, वापरलेला?"

"आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेच आहे."

तो खरंच होता. कपाटात, नवऱ्याच्या चष्म्याशेजारी, काळ्या स्पंजात खोचून ठेवलेला.

दोन वर्षांपूर्वी भावाभावांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एकच होतं. गल्ल्यावर थोरला आणि आतल्या टेबलावर धाकटीचा नवरा. थोरल्याला स्क्रू आणि खिळा यांतला फरक कळत नव्हता, पण हुकूम त्याचा चालायचा. धाकटी दुसऱ्या एका दुकानात दुरुस्तीला होती आणि अजूनही आहे. नवरा-बायको दोघांना एकच सवय. नाजूक भागाला हात लावण्याआधी कॉम्प्युटरच्या डबड्याच्या उघड्या पत्र्याला डावा हात लावायचा, म्हणजे अंगात साठलेली बारीकशी वीज निघून जाते आणि भाग जळत नाही. हा धंद्यातला पहिला धडा. तिच्या नवऱ्याने तो वीस वर्षं पाळला आणि त्यापायीच तो गेला.

त्या दुपारी तो एका प्रोसेसरचा वाकलेला पाय सुईने सरळ करत होता. प्रोसेसरच्या पोटाला असे शेकडो केसाएवढे पाय असतात, आणि याचा कोपऱ्यातला एक वाकला होता. उजव्या हातात प्रोसेसर घेऊन त्याने डावा हात पत्र्याला लावला. डबडं चालू होतं, आतली एक वायर सोलवटून पत्र्याला घासत होती. डबड्यातून बोर्डात जाणाऱ्या वायरीच्या टोकाला अर्थिंगची पिन असती तर फ्यूज उडाला असता आणि त्याने एखादी शिवी हासडली असती. पिन नव्हती. ती जाड तिसरी पिन दुकानातल्या विजेच्या जुन्या बोर्डात बसत नव्हती म्हणून कुणीतरी कापून टाकली होती.

धाकटी पोचली तेव्हा नवऱ्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. डॉक्टरांनी ती उघडली आणि आतला प्रोसेसर तिच्या हातात दिला. तिने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर बोटभर धूळ, पण बोर्डात लावलेली वायर कोरी करकरीत. तिथे कायम एक जुनी काळी वायर असायची. वायरीच्या मानेवर, पिनांजवळ, नवऱ्यानेच निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती वायर गायब झाली होती.

"हात ओले होते त्याचे," थोरला प्रत्येकाला सांगत होता. "किती वेळा बजावलं, ओल्या हाताने वीज धरू नकोस."

पोलिसांच्या कागदावरही तेच उमटलं. सासूबाईंनीही तेच धरून ठेवलं. "माझा धाकटा पहिल्यापासून धांदरट," त्या येईल त्याला सांगायच्या आणि रडायच्या. पुढे दुकान आवरताना गल्ल्याच्या खणात धाकटीला पक्कडीने कापलेली एक जाड पितळी पिन सापडली. तिने ती थोरल्यासमोर धरली. तो म्हणाला, "दुकान आहे हे. असल्या शंभर सापडतील."

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. थोरल्याने आईच्या तोंडावर खरं सांगावं. त्याला तुरुंग नको, फाशी नको. हात कोरडे होते, एवढं एकच वाक्य. ते तो मेला तरी म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ठरवलं की तिच्या नवऱ्याच्या हातातली शेवटची वस्तू थोरल्याच्याच दिवाणखान्यात, त्याच्याच डोळ्यांसमोर रोज तापत राहील. त्याला कळणारही नाही. तिला मात्र कळेल. तेवढ्यावर ती राग भागवणार होती.

कोपऱ्यातला पाय तिने नवऱ्याच्याच सुईने सरळ केला. पूर्ण सरळ तो झाला नाही, किंचित तिरका राहिलाच. पण बसला. दोन तास तिने सिनेमा चालवून पाहिला. तिच्या खोलीत बत्तीस अंश उकाडा होता आणि प्रोसेसर दाखवत होता अठरा. खोलीपेक्षा गार प्रोसेसर तिने आजवर पाहिला नव्हता. सेन्सर खोटं बोलतात, असं म्हणून तिने झाकण लावलं. प्रोसेसरला आठवण नसते, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. आठवण डिस्कमध्ये असते. वीज गेली की प्रोसेसर कोरी पाटी.

थोरल्याकडे नवी कोरी तीन पिनांची वायर तिने स्वतः लावली आणि अर्थिंग मीटरने दोनदा तपासलं. तिला त्याचा जीव घ्यायचा नव्हता. निदान तेव्हा तरी तिला तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "तुझा डबा झटका देतो."

ती जेवणाच्या सुट्टीत गेली. डब्याला टेस्टर लावला, त्याचा दिवा लागला नाही. मीटर शून्यावर. सासूबाईंनी हात लावला, जाऊबाईंनी लावला, काही नाही. थोरल्याने बोट टेकवलं आणि विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला.

"खाई त्याला खवखवे," जाऊबाई हसत म्हणाल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. थोरला त्यांच्याकडे असा काही बघायला लागला, की त्यांनी हसू गिळलं.

पुढच्या आठवड्यात त्याची तक्रार बदलली. "आवाज येतात त्यातून. सिनेमातले नाहीत."

"कसले आवाज?"

त्याने आवाज उतरवला. मग, "पत्र्यावर अंगठी वाजवल्यासारखे."

धाकटीच्या नवऱ्याला काम करता करता अंगठीने पत्रा वाजवायची खोड होती. तिने फोन ठेवला. ती तशीच तिकडे गेली आणि डब्याला कान लावून अर्धा तास जमिनीवर बसली. पंख्याची घरघर आणि दुसरं काही नाही. तिला आधी रडू आलं आणि मग संताप. आयुष्य मी काढलं तुझ्याबरोबर, आणि तू बोलतोस कुणाशी, तर त्याच्याशी?

"काढून नेऊ का डबा?" तिने विचारलं.

"नको," थोरला म्हणाला. आठवड्याभरात त्याचे गाल बसले होते. "नेलास तर... नको. सगळे मिळून बघू एकदा. रविवारी ये."

रविवारी दुपारी पडदे ओढून चौघं बसली. सोफ्यावर थोरला आणि जाऊबाई, खुर्चीत सासूबाई, आणि धाकटी खाली, विजेच्या बोर्डाजवळ. सिनेमा विनोदी होता. सासूबाई हसत होत्या. अर्धा तास गेला असेल, आणि थोरला एकदम म्हणाला,

"बोर्डात बसत नव्हती ती."

"काय?" जाऊबाईंनी विचारलं.

तो त्यांच्याशी बोलतच नव्हता. त्याची नजर डब्यावर होती. पडद्यावर कुणीतरी जिन्यावरून गडगडत होतं.

"हो, मीच कापली. नवा बोर्ड आणणारच होतो रे मी."

सासूबाईंचं हसू थांबलं. "कुणाशी बोलतोयस तू?"

"नाही, तुला सांगायचं राहून गेलं. गिऱ्हाईक होतं ना समोर." तो मधेच थांबून ऐकायचा, मान हलवायचा. "वायर? वायर मी नाल्यात टाकली. मग काय करणार होतो? सगळे मलाच धरणार होते."

जाऊबाईंनी त्याची बाही ओढली.

"आईला? आईला कसं सांगू?"

मग त्याने कानांवर हात घेतले आणि ओरडला, "माहितेय मला! हात कोरडे होते तुझे! कोरडेच होते!"

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ज्या चेहऱ्याची तिने वाट पाहिली होती, तो तिला दिसला. तिला वाटलं होतं की बरं वाटेल. बरं वाटलं.

"बंद करतो," थोरला म्हणाला. "थांब. बंद करतो मी."

तो उठला.

धाकटीची नजर सहज बोर्डाकडे गेली. तिने लावलेली वायर तिथे नव्हती. जुनी काळी वायर होती. मानेवर निळी चिकटपट्टी.

थोरल्याने डावा हात पुढे केला. एरवी तो सगळं उजव्या हाताने करायचा.

थांबा, भावजी. दोनच शब्द. तेवढा वेळ होता.

ती बोलली नाही.

हात पत्र्याला लागला. ठिणगी नाही, आवाज नाही. तो फक्त गुडघ्यांवर बसला आणि मग कुशीवर कलंडला. जाऊबाई किंचाळल्या. धाकटीने प्लग खसकन ओढला. पडदा काळा झाला. तिच्या हातात तिचीच नवी वायर होती, तीन चकचकीत पिनांची.

तो वाचला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय ठीक आहे, विजेची खूण कुठेच नाही, धसका घेतला असावा. तो छताकडे बघत पडून होता, बोलत नव्हता. फक्त उजवी मूठ मिटलेली होती. दोघा जणांनी मिळून ओढली तरी ती उघडेना, म्हणून एक्स-रे काढला.

"काय धरून ठेवलंय यांनी?" तरुण डॉक्टरने फिल्म उजेडात धरली.

हाडांच्या मध्ये एक लहानसा चौकोन होता. त्यात टिंबांच्या रांगा, शेकडो टिंबं, शिवणीच्या टाक्यांसारखी सरळ. कोपऱ्यातलं एक तेवढं रांगेबाहेर.

"मला काय माहीत," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई घरी एकट्याच राहिल्या होत्या. तिला वाटलं, रडत असतील. आवाज अगदी शांत होता.

"पोरी, सावकाश या. घाई नको. मला सोबत आहे."

"कोण आलंय, आई?"

"धाकटा बोलतोय ना, मघापासून." थोडा वेळ त्या दुसरीकडे कान देऊन थांबल्या. "तुला विचारतोय, कोपऱ्यातला पाय अजून तिरकाच आहे का म्हणून. कुणाचा गं पाय?"