चष्म्याच्या डबीतला थर्मोस्टॅट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा रात्रभर एकमेकांची तोंडं बघत. आणि ही काही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो चष्मेवाला माझा दोस्त आहे, चांगला धडधाकट आहे. उद्या दुकानात जाऊन विचारा.

माणूस सोन्यासारखा, पण महासंशयी. न्हाव्यानं एक कल्ला मुद्दाम आखूड ठेवला, असं म्हणून भांडणारा! यानं थंडीच्या दिवसांत एक जुनी गाडी घेतली. बाकी सगळं ठीक, पण इंजिन तापायचं नाव घेईना. तापमानाचा काटा तळाशीच, आणि हीटर लावला की गार वारा. मेकॅनिक टोपी घालणार, हे यानं आधीच ठरवलेलं. म्हणून शनिवारी दुपारी स्वतःच जाऊन नवा थर्मोस्टॅट घेऊन आला. एवढीशी पितळी वस्तू असते. इंजिनातलं पाणी नीट तापलं की तिची झडप उघडते, गार झालं की मिटते. जुन्याची झडप उघडीच अडकून बसली होती, म्हणून इंजिन गारठलेलं.

आता दुकानदारावर तरी भरवसा ठेवेल? छे! बायकोच्या दुधाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि नवा थर्मोस्टॅट आत सोडला. झडप उघडली. बाहेर काढून ठेवला, गार झाल्यावर मिटली.

"पातेलं स्वतः घासा," बायको म्हणाली, "आणि उद्या चाकं शिजवायला आणू नका."

लेक मात्र हौसेनं टॉर्च धरून उभी राहिली. बावीस वर्षांची पोर, नुकतीच गाडी शिकलेली. बापानं इंजिन गार आहे ना ते पाहिलं, पाणी काढलं, दोन बोल्ट सोडले, जुनं पॅकिंग खरवडलं, नवा थर्मोस्टॅट बसवून पुन्हा पाणी भरलं. काटा मध्यावर आला. हीटरमधून छान ऊब आली आणि लेकीनं टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी हा गाडी पुसायला गेला, तर बॉनेट गरम. सोमवारी तेच. मंगळवारी, बुधवारीही तेच. गाडी रात्रभर दारात, एक किल्ली याच्या उशाखाली. दुसरी लेकीकडे. झालं, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं.

"रात्री कुठे जातेस?"

"मी? कुठेच नाही."

"मग इंजिन काय आपोआप तापतं?"

"बाबा, मी कधी खोटं बोललेय का तुमच्याशी?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

तोंडातून शब्द गेला तो गेला. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं दुसरी किल्ली टेबलावर ठेवली आणि बॅग भरायला घेतली. "सकाळी आत्याकडे जाते. मला परत बोलावू नका." बायकोनं त्याला ताट वाढलं आणि स्वतः लेकीजवळ जाऊन बसली.

एकुलती एक लेक! पण हट्ट कसला सुटतोय? हिनं तिसरी किल्ली बनवून घेतली असेल तर? त्यानं बॅटरीची वायर सोडली. इंजिनातलं पाणी काढलं. थर्मोस्टॅटही काढला, पुसून चष्म्याच्या डबीत घातला आणि डबी स्वेटरच्या खिशात. दोन्ही किल्ल्या दुसऱ्या खिशात. मग दिवा मालवून पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकली. समोर गाडी.

एक वाजला. दीड. दोन. हातपाय आखडले.

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडीची मागची काच धुरकट झाली. आतून. आत कुणी श्वास घेत असलं की होते ना, तशी. इंजिनाचा आवाज नाही. दाराचा नाही.

"सापडली," तो पुटपुटला, आणि उठला.

"बाबा…"

मागून.

त्यानं वळून पाहिलं. लेक उभी होती. हातात शाल. "गारठ्यात बसलात म्हणून…"

त्यानं गाडीकडे नुसतं बोट दाखवलं.

तिनं पाहिलं.

काच आणखी धुरकटली.

"बाबा… आत कोण आहे?"

तेवढ्यात त्याच्या खिशाला चटका बसला. डबी कशीबशी काढून त्यानं टेबलावर टाकली. झाकण उघडलं. त्या बर्फासारख्या खोलीत… थर्मोस्टॅटची झडप हळूहळू वर येत होती. पूर्ण उघडली. आणि तशीच राहिली.

दोघं उजाडेपर्यंत एकाच शालीत बसून होते. मग बाप म्हणाला, "चुकलो गं मी." पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडली. आत जाऊन बॅग रिकामी केली.

दुपारी त्यानं गाडी विकणाऱ्याला फोन लावला. काही सांगायच्या आतच पलीकडून त्यानंच विचारलं, "थर्मोस्टॅट बदललात का?"

"हो."

"मग… हीटर चालतो आता?"

"चालतो."

मग विकणारा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बदलू, पुढच्या आठवड्यात बदलू, असं करत राहिलो मी. आईला रात्री दवाखान्यात नेत होतो, मागच्या सीटवर. सगळा रस्ता एकच म्हणत होती, गार लागतंय रे…" आणि हुंदका आला. "दोन वाजून दहा मिनिटांनी ते म्हणणंही थांबलं."

चष्मेवाल्यानं गाडीत दुसरा थर्मोस्टॅट बसवला. गाडी अजून चालवतो, आणि रात्री मागच्या सीटवर शाल ठेवायला विसरत नाही. तो पहिला मात्र त्यानं फेकला नाही. म्हणतो, "माझ्या पोरीचा साक्षीदार आहे तो." दुकानात काउंटरच्या मागे, त्याच डबीत ठेवलाय. मी हात लावून पाहिलाय. दगडासारखा गार आहे.

आणि झडप उघडीच आहे.