त्याच्या बाजूचा ब्रेक

ती झेब्रा क्रॉसिंगवर निम्म्यात पोचली असेल-नसेल, तोच एक गाडी तिच्या गुडघ्यांपाशी येऊन गचकन थांबली. छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, स्टिअरिंगला लटकलेले घामाघूम आजोबा. आजोबांना सोडून तिने शेजारच्या शिकवणाऱ्याला धारेवर धरलं.

"डोळे कुठे होते तुमचे?"

"डोळे तुमच्याकडे, पाय ब्रेकवर. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, मॅडम. म्हणून तर भांडायला शिल्लक आहात."

उत्तर उद्धट होतं. हसू मात्र... बरं होतं. दुसऱ्याच आठवड्यात तिने त्याच्याच स्कूलमध्ये नाव घातलं. घरी कारण सांगितलं नोकरीचं, आणि ते खोटंही नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं काम मिळत होतं, पण लायसन्स दाखवलं तरच. आणि ती जागा काही फार दिवस थांबणार नव्हती.

क्लास झकास चालला. "स्टिअरिंग आवळू नका, ते पळून जात नाही," तो म्हणायचा. "नजर लांब ठेवा. पुढचा कधीही थांबेल असं धरून चाला." आणि मग हळूच, "तुम्हाला अंतराचा अंदाज उपजतच आहे हं." हे ऐकायला ती वेळेआधीच येऊन बसायची.

मग टेस्ट झाली. शेजारी परीक्षक, हाताची घडी घालून. तिने नेहमीच्या जागी नेहमीएवढाच ब्रेक दाबला... आणि समोरचं रबरी पिंप आडवं झालं.

नापास.

बाहेर तो दोन कप चहा घेऊन उभा होता.

"खरं सांगा. माझ्या वेळी तुमच्या बाजूचा ब्रेक दाबायचात?"

तो चहात बघू लागला. "थोडासा."

"थोडासा! आणि स्टिअरिंग?"

"वळणावर फक्त... एक बोट."

"म्हणजे मी काय नुसती हॉर्न वाजवायला बसले होते? वर शाबासकी देत होतात!"

"मुद्दाम नाही हो. बाकीच्यांच्या वेळी असं होत नाही. ते आजोबा मैदानात चारदा कुंपणाला धडकले, मी धडकू दिलं. त्याशिवाय अंतर कळत नाही. पण तुम्ही स्टिअरिंगवर असलात की... पाय ऐकतच नाही."

दुसरी एखादी इथेच विरघळली असती. हिने मनात जमाखर्च मांडला – जमेला एक गोड वाक्य, खर्चाला हातची जाणारी नोकरी – आणि तिचा पारा आणखी चढला.

"जीव लावायची ही कुठली तऱ्हा? उद्या रस्त्यावर मी एकटी असेन, तेव्हा कुठे असेल तुमचा पाय?"

तिने क्लासच्या गाडीचं दार उघडलं.

"बूट काढा. गाडीत बसा, मांडी घालून. आणि हात मांडीखाली."

ऐन गर्दीच्या रस्त्यावर तिने गाडी घातली. पहिल्या वळणाला चाक दुभाजकाकडे ओढलं गेलं.

"अहो–"

"गप्प बसा!" तिने स्वतःच ते वळवून आणलं. पुढे बस थांबली. तिने ब्रेक मारला तो इतका लवकर, की मधल्या जागेत दोन मोटारसायकली घुसल्या. पुढच्या सिग्नलला अंतर अंमळ कमी. त्याच्या पुढच्याला नेमकं.

"पायाला मुंग्या आल्यात," तो कळवळला.

"येऊ देत!"

टेस्टपर्यंत रोज हेच. ती रोज तितकीच चिडलेली, आणि तो रोज बूट काढून हजर.

दुसऱ्या टेस्टला पिंप जागचं हललं नाही. फाटकाशी तो उभा होता, चेहरा पडलेला.

"पास?"

"पास. सोमवारी कामावर."

"छान. म्हणजे क्लास... संपला."

"संपला. आता ते पुन्हा बोला, पाय ऐकत नाही ते. तेव्हा रागात नीट ऐकलं नव्हतं."

"अजूनही रागातच दिसताय."

"आहेच. राग जायच्या आत बोलून टाका – नंतर मला लाज वाटेल."