बिनचित्राची पाटी

शेवटचं इंजिन भंगारवाल्याच्या हवाली करायचं, कागदावर त्याच्या ड्रायव्हरची सही घ्यायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची, एवढंच मॅनेजरचं काम उरलं होतं. घरातलं सामान सकाळीच ट्रकमधून नव्या गावी रवाना झालं होतं. बायको रिकाम्या घरात दोन सुटकेसा आणि दोरीनं बांधलेलं एक खोकं घेऊन बसली होती. नवी नोकरी उद्यापासून. नव्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, उद्या म्हणजे उद्याच, तुमच्यामागे दुसरा उमेदवार उभा आहे. आणि बुडीत कंपनीचं आवरणाऱ्या वकिलांनी बजावलं होतं की इंजिन यार्डाबाहेर पडल्याशिवाय तुमची सुटका नाही. दोन्हीकडून बजावून घेण्याचा मॅनेजरला सराव होता. कंपनीत त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

कंपनी काढली होती एका सिमेंटवाल्या शेठजींनी. आपला माल दुसऱ्याच्या मालगाडीतून पाठवायचा म्हणजे शेजाऱ्याच्या छत्रीतून पावसात जाणं, निम्मं अंग भिजणारच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी स्वतःची छत्री घेतली, तीही जुन्या बाजारातून. पाच इंजिनं, चार ठिकाणची, एक जोडी सोडता एकाचा नट दुसऱ्याला बसेल तर शपथ. रंग मात्र सगळ्यांना एकच, फिका हिरवा. कुठल्याशा इस्पितळाच्या भिंती रंगवून उरलेला. शेडमधल्या लोकांनी त्यांना नावंही ठेवली. रंगवून आणली आणि पहिल्याच चढावर रुसून बसली ती ‘नवरी’. दोघी ‘जुळ्या’, ज्यांतली एक चालायची तेव्हा दुसरीचे निम्मे भाग तिच्या पोटात असायचे. एक ‘पेन्शनर’, उतारावरसुद्धा दमायचा. आणि पाचवी ‘सासू’. सगळी शेड हात जोडून उभी राहिल्याखेरीज ती सुरू व्हायची नाही, आणि एकदा सुरू झाली की पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जायची. खडी, सिमेंट, धान्य असं काहीबाही तीन वर्षं ओढून कंपनी आडवी झाली. बाकीची चार गेली. सासू, रीतीप्रमाणे, शेवटपर्यंत राहिली.

भंगारवाल्याचं इंजिन तिला न्यायला आलंच होतं. मॅनेजर रुळांवरून चालत शेडशी पोचला, तर शेडच्या राखणीला उरलेला मिस्त्री पिंपावर बसून चहा पीत होता आणि ड्रायव्हर, बाहेरचा, जाडजूड, मिशीवाला, कमरेवर हात ठेवून उभा.

“काय झालं?”

“पाटी आहे,” मिस्त्री म्हणाला.

सासूच्या केबिनच्या दांडीला लाल पाटी लटकत होती.

ही पाट्यांची पद्धत मॅनेजरनंच सुरू केली होती. इंजिनाखाली शिरताना फिटरनं आपली पाटी दांडीला लावायची. पाटी आहे म्हणजे खाली माणूस आहे. ज्याची त्यानंच काढायची, इतरांनी हातही लावायचा नाही. कुणाची कुठली ते लांबूनही कळावं म्हणून प्रत्येकानं आपापलं चित्र काढून घेतलं होतं: किटली, मासा, चपला, मिस्त्रीचं घुबड. पद्धत चांगली होती. कंपनीत कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

या पाटीवर चित्रच नव्हतं.

मॅनेजर वाकला. दोन चाकांच्या मधून पलीकडचं ऊन दिसत होतं. खडी, वाळलेलं गवत, तेलाचे जुने डाग.

“कोणी नाहीये खाली.”

“नाहीच आहे. मीही बघितलं.”

“मग काढ ना पाटी!”

“माझी नाही ती, साहेब. माझी घुबडाची.”

मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. हा मिस्त्री म्हणजे निम्मं आयुष्य चहात आणि निम्मं कारणात घालवलेला माणूस. यार्ड बंद झालं की त्याची राखणदारीही बंद, तेव्हा अजून चार दिवस ओढायला त्यानंच हे सोंग उभं केलं असणार. मॅनेजर स्टोअरमध्ये गेला. भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि एकूणएक पाटी जागच्या जागी होती. किटली, मासा, चपला, घुबड. मोकळा खिळा एकही नाही. म्हणजे ही जादा.

“नवी रंगवलीस वाटतं?” बाहेर येत तो म्हणाला. “चित्र काढायचा कंटाळा आला?”

मिस्त्री चिडला. “साहेब, उगाच तोंडाला येईल ते बोलू नका. रंगाचा डबा गेल्या वर्षी तुम्हीच लिलावात काढलात.”

ते खरं होतं, त्यामुळे मॅनेजरला जास्तच राग आला. त्यानं पाटी ओरबाडून काढली, स्टोअरमध्ये फेकली आणि दाराला कडी घातली.

“चला, जोडा!”

दोन्ही इंजिनं जोडली गेली. मिस्त्रीनं कुरकुरत सासूचा हँडब्रेक सोडला. ड्रायव्हर आपल्या इंजिनात चढला आणि लगेच खाली उतरला.

“आता काय?”

“तुमच्या इंजिनातून ठोकतंय कुणीतरी.”

“जुनं लोखंड आहे. उन्हानं तडतडतं.”

“मी पण लोखंडातच म्हातारा झालोय, साहेब. तडतडणं वेगळं. हे दोनदा ठोकतं, थांबतं, मग एकदा.”

मिस्त्रीनं चहाचा कप पिंपावर ठेवला. दोनदा आणि मग एकदा, म्हणजे ‘थांबा, मी अजून खाली आहे’. ही खूण या शेडचीच होती. बाहेरच्या माणसाला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं.

“तू शिकवलंस ना याला?” मॅनेजरनं मिस्त्रीकडे बोट केलं.

“यांना मी आजच बघतोय!” ड्रायव्हर म्हणाला. “आणि ते बघा.”

दांडीला लाल पाटी होती.

मॅनेजरनं स्टोअरकडे पाहिलं. कडी होती तशीच होती.

तो परत वाकला. ऊन, खडी, गवत. आणि आता, डाव्या चाकापाशी, खडीवर व्यवस्थित पसरलेलं एक फडकं, त्यावर पाना. पान्याची मूठ बाहेरच्या बाजूला होती, बाहेरून कुणीतरी उचलून हातात द्यावा अशी. ताज्या ग्रीसचा वास येत होता. या यार्डात ग्रीसचा डबा येऊन वर्ष लोटलं होतं.

फोन वाजला. बायको.

“निघालात का?”

“निघतोच आहे.”

“हे तुम्ही लग्नाच्या दिवशी मांडवात पोचायच्या आधीही म्हणाला होतात. रिक्षा सांगितलीय मी. तुम्ही नसलात तरी मी जाणार, आणि तुमची नोकरी मीच करीन.”

मॅनेजरनं फोन खिशात कोंबला. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, सही उद्या करू. माझा जीव काही भंगारात काढलेला नाही.”

“उद्या नाही! आजच!” मॅनेजर मिस्त्रीकडे वळला. “फिटर पाटी ठेवून निघून गेला तर काय करायचं ठरलं होतं आपलं?”

“तुम्हीच ठरवलेलं. साहेबानं स्वतः खाली वाकून हाक मारायची. काम संपलं, बाहेर ये, म्हणून.”

“कधी मारली होती का?”

“कधी वेळच आली नाही.”

मॅनेजरनं आजूबाजूला बघून घेतलं, जणू कुणी ओळखीचं पाहत असेल. मग इस्त्रीच्या पँटचे गुडघे खडीवर टेकले आणि डोकं चाकांमध्ये घातलं.

“कोण आहे खाली?”

काही नाही. आतला गारवा मात्र त्याच्या तोंडावर आला, विहिरीतून येतो तसा.

“काम संपलं. बाहेर ये.”

काही नाही.

“अरे, कंपनीच संपली! सगळे गेले! कुणासाठी दुरुस्त करतोयस?” त्याचा आवाज चिरकला. तीन वर्षांचं सगळं साचलेलं त्या चाकांमध्ये ओतलं गेलं. “तुझं इथं कुणी राहिलेलं नाही, माझंही नाही. ये बाबा बाहेर. हवं तर चल माझ्याबरोबर. पण आता सोड हे!”

वर कुठेतरी लोखंडावर लोखंड हलकेच घासलं.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला.

दांडी मोकळी होती.

मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघंही लांब उभे होते. खडीवर ना फडकं होतं, ना पाना.

ड्रायव्हर घाईघाईनं आपल्या इंजिनात चढला. सासू एकदा करकरली आणि मुकाट्यानं निघाली, जन्मात पहिल्यांदा. फाटकाशी ड्रायव्हरनं खिडकीतूनच सही केली, कागद खाली टाकला आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मिस्त्रीनं किल्ल्या मॅनेजरच्या हातात ठेवल्या. चहा निम्मा टाकून तो निघून गेला. मिस्त्रीला चहा टाकताना मॅनेजर पहिल्यांदाच पाहत होता.

घरी पोचेपर्यंत त्यानं स्वतःची समजूत घातली. ऊन, उपास, दगदग. मुख्य म्हणजे कागदावर सही होती. गाडीला अजून अवकाश होता.

दार उघडंच होतं. बायको सुटकेसवर बसली होती आणि, नवल म्हणजे, चेहरा हसरा होता.

“निदान हे एक तरी शहाणपण केलंत,” ती म्हणाली. “माणूस पुढं पाठवलात ते. ती मोठी सुटकेस मला हलत नव्हती, त्यांनी एका हातानं दाराशी आणली.”

“कुणी?”

“तुमच्या शेडमधले ते. बोलत नाहीत फारसे. साहेबांनी चल म्हटलं, एवढंच म्हणाले. आत हात धुतायत. साखर मागितली चोळायला, ग्रीस साबणानं जात नाही म्हणे. मी घरात उरलेली सगळी देऊन टाकली.”

आत नळाचं पाणी पडत होतं. मग बंद झालं.

बायकोनं खोक्याची दोरी सोडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप काढला, थर्मासमधला चहा त्यात ओतला आणि तो त्याच्यासमोर धरला.

“तुम्हीच द्या. मघाशी थर्मासच्या झाकणातून मी दिला तर माझ्या हातून घेईनात.”