पहिला कुकर घरी

नापास झालेली वस्तू तपासणी केंद्राबाहेर जाऊ शकत नसे. ती बोटीतून आलेली असो की इथल्या कारखान्यात बनलेली, फाटकावर लाल दिवा लागायचा आणि फाटक बंद व्हायचं. तसलेच दिवे आता प्रत्येक दुकानाच्या दारातही होते.

हे ओळखायचं काम साक्षीकण करत. डोळ्याला न दिसणारे हे कण कायद्याने प्रत्येक धातूत मिसळावे लागत. धातू दमला, आत चीर धरू लागली, की कणांची थरथर बदले. यंत्र ती थरथर ऐके आणि वस्तू कधी फुटणार ते सांगे. कायदा आल्यापासून कुकर फुटून कोणी भाजलं नव्हतं.

भास्कर तांबट कुकर बनवत. त्यांच्या घरची रीत होती, नव्या खेपेतला पहिला कुकर आधी आपल्या शेगडीवर चढायचा. "आपण जेवल्याशिवाय लोकांना कसं द्यायचं?" त्यांची बायको कुमुद म्हणायची. गेल्या वर्षी आमटीला फोडणी देताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हापासून पहिला कुकर मुलगी शर्वरी लावू लागली.

आज नवी खेप तपासणी केंद्रावर आणताना तीच गाडी चालवत होती. सगळे कुकर पास झाले.

"उगाच घाबरता, बाबा. आता मिसळ तुमच्याकडून!"

गाडी फाटकाशी आली आणि लाल दिवा लागला.

"काका, गाडीत काहीतरी नापास आहे," पहारेकरी म्हणाला.

तांबटांनी कुकर उतरवले. मग पान्हे, जॅक, जेवणाचा डबा. दिवा लालच राहिला. वैतागून शर्वरी उतरली आणि पाणी प्यायला नळाकडे गेली.

दिवा हिरवा झाला.

ती परत आली. लाल.

पहारेकरी हसला. तांबटांना हसू आलं नाही. ते केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. अस्मा मुजावर यांच्या खोलीत गेले. मॅडमनी सगळं ऐकून दार लावून घेतलं.

"आंबट शिजवलं की कण थोडे थोडे अन्नात उतरतात. शरीर ते बाहेर टाकत नाही. स्नायूंत साठतात. हृदय म्हणजे स्नायूच, काका. ते दमू लागलं की कण तसेच थरथरतात. यंत्राला कुकर आणि माणूस यांतला फरक कळत नाही."

"मग माझ्यातही असतील की."

"आहेत. तुम्ही पास झालात."

तांबटांनी खुर्ची पुढे ओढली. "उपाय?"

"कण काढायचे कसे ते अजून कुणालाच माहीत नाही. हृदयाला काय झालंय, तेही यंत्राला कळत नाही. दवाखान्यात न्या. पण हृदय कधी थांबणार, ते पडद्यावर आलंय." त्यांनी पडदा वळवायला हात घातला. "बघायचंय?"

तांबटांनी पडद्यावर पंजा ठेवला.

"फाटक उघडा, मॅडम. तिला काही बोलू नका."

मॅडमनी फाटक हाताने उघडलं.

"काय नापास झालं, बाबा?"

"काही नाही. त्यांचा दिवा बिघडलाय. गाडी मी चालवतो. आधी मोठ्या दवाखान्यात जाऊ, मला जरा दाखवायचंय."

"काय होतंय तुम्हाला? थांबा, पाण्याची बाटली घेते."

ती नाक्यावरच्या दुकानात शिरली. दारावरचा दिवा लाल झाला. शर्वरी मागे वळून हसली.

"बाबा, इथलाही बिघडलाय!"