पलीकडे बांधलेली होडी

खरं घडलेलं आहे हे. माझ्या मावसबहिणीने स्वतः सांगितलंय, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

ताई, भावोजी आणि त्यांची चार वर्षांची ठकी शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले होते. भर दुपारी वारा फिरला. ठरलेलं बंदर सोडून एका अनोळखी खाडीत शिरावं लागलं. तिथे एकच होडी मावेल एवढा दगडी धक्का होता. माणूस दिसेना. त्यांनी होडी बांधली. ताईने केबिनमध्ये ठकीचे केस पुसले.

मग... होडीला बाहेरून काहीतरी घासलं.

"कोणीतरी आपल्या होडीला होडी बांधतंय," भावोजी म्हणाले.

वादळात असंच करतात. जागा नसली की होडीला होडी बांधायची आणि आतल्या होडीवरून चालत किनारा गाठायचा. कोणी विचारत बसत नाही.

छतावर पावलं वाजली.

अनवाणी. ओली.

"घ्या, हमरस्ताच झाला आपला! अहो, निदान 'येतो' तरी म्हणा!" भावोजी छताकडे बघून ओरडले.

पावलं येतच राहिली... सगळी किनाऱ्याकडे.

भावोजी वर गेले. मागोमाग ताई, ठकीला कडेवर घेऊन.

पलीकडे होडी नव्हती. छतावर माणूसही नव्हता, पावलं तेवढी वाजत होती.

नुसता दोर होता. त्यांच्या खुंट्याला पक्का बांधलेला, ताणलेला... आणि सरळ खाली पाण्यात गेलेला. त्याच्या ओढीने त्यांची होडी कलत चालली होती.

"कापा तो!" ताई किंचाळली.

भावोजींनी सुरी चालवली. होडी सावरली.

पावलं थांबली.

धक्क्यावर एक भिजलेली बाई उभी होती. पाण्याकडे हात पसरून... पोराला 'मार उडी' म्हणताना पसरतो तसे.

तेवढ्यात तळाखालून टकटक झाली. इवल्या मुठीची.

"आई..."

हाक ठकीची नव्हती.

बाईने मान वर केली. पसरलेले हात हळूच ठकीकडे वळले.

"होडी सोडा," ताई म्हणाली.

"अगं, बाहेर मरू आपण!"

"सोडा म्हणते ना!"

त्याच वादळात ते परत बाहेर पडले. टकटक खाडीच्या तोंडापर्यंत सोबत आली. आई, आई करत. मग थांबली.

ठकी धडधाकट आहे. शाळेत जाते, बडबड करते. पण त्या दिवसापासून ताईला हाक मारत नाही. काही हवं असलं तर बाही ओढते.

ताईने एकदा तिला कुशीत घेऊन विचारलं, "आई म्हण ना गं, राणी."

ठकीने मान हलवली.

"नको. आई म्हटलं की तू निघून जातेस."